नाथमाधव : अंथरुणाला खिळलेला, गडकोटांत वावरणारा कादंबरीकार

मराठी साहित्यात काही लेखक असे होऊन गेले की, त्यांची नावे विद्वानांच्या चर्चेत क्वचितच निघतात; पण जुन्या वाचनालयाच्या कपाटात त्यांच्या पुस्तकांइतकी हाताळून जीर्ण झालेली पुस्तके दुसरी आढळत नाहीत. 'वीरधवल', 'रायक्लब', 'स्वराज्याचा श्रीगणेशा' या कादंबऱ्या लिहिणारे नाथमाधव हे त्यांतले एक ठळक नाव. २१ जून हा त्यांचा स्मृतिदिन. त्या सुमारास भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत पावसाने बस्तान मांडायला सुरुवात केलेली असते, गडांचे माथे ढगांत बुडू लागतात आणि माणसे घराच्या आत ओढली जातात. रहस्याच्या, भयाच्या आणि साहसाच्या गोष्टींत महिनाभर बुडून जावे, असे ते दिवस असतात. मराठी वाचकाला अशा वाचनाची चटक ज्यांनी लावली, त्यांत नाथमाधवांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचे स्वतःचे आयुष्यही याच डोंगरांच्या एका कड्यावर कायमचे बदलून गेले होते.

त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. स्वतःच्या नावातला 'नाथ' आणि वडिलांच्या नावातला 'माधव' एकत्र करून त्यांनी हे टोपणनाव सिद्ध केले. ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. शिक्षण बेताचेच झाले. महाविद्यालयाची पायरी चढून, संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मय पचवून मग लेखणी हाती धरणाऱ्यांच्या परंपरेतले ते नव्हते. शालेय शिक्षण आटोपल्यावर त्यांनी कुलाब्याला तोफांचे गाडे तयार करण्याच्या सरकारी कारखान्यात नोकरी धरली. पुढे ज्यांच्या कादंबऱ्यांतून तोफा धडधडल्या आणि बुरूज ढासळले, त्या लेखकाची उमेदवारी अशी तोफखान्याच्या कारखान्यात झाली, हा एक चमत्कारिक योगायोगच म्हणावा लागेल. अंगाने सुदृढ, स्वभावाने धाडसी अशा या तरुणाला नाद होता तो शिकारीचा. या नादापायीच तो १९०५ मध्ये सिंहगडावर पोहोचला.

सिंहगड आज हवेली तालुक्यात मोडतो. परंतु इतिहासाने त्याचे नाते भोरशी जोडलेले आहे. भोर संस्थानचे अधिपती पंतसचिव यांच्या ताब्यात हा गड दीर्घकाळ होता. १७५० च्या सुमारास पेशव्यांनी तुंग आणि तिकोना हे किल्ले सचिवांना देऊन त्यांच्या मोबदल्यात सिंहगड आपल्याकडे घेतला. भूगोलानेही हे नाते राखले आहे. सिंहगडापासून निघालेली डोंगराची सोंड चढउतार करीत राजगडाकडे जाते आणि तेथून तोरण्याला भिडते. गिर्यारोहकांच्या पायाखालची ही वाट ज्या वेल्हे तालुक्यातून जाते, त्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. त्याच्या शेजारच्या भोर तालुक्यात रोहिडा आणि रायरेश्वर उभे आहेत. स्वराज्याच्या आरंभीच्या जवळजवळ साऱ्या कथा या दोन तालुक्यांच्या डोंगरदऱ्यांत घडल्या.

शिकारीच्या मागावर असताना नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून खाली कोसळले. प्राण वाचले, पण कमरेखालचा भाग लुळा पडला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आपल्या मावळ्यांसह कडा चढून ज्या गडावर गेले, त्याच गडाने अडीच शतकांनंतर या तरुणाचे पाय कायमचे हिरावून घेतले. तानाजीच्या या पराक्रमावर हरि नारायण आपटे यांनी लिहिलेली 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी तेव्हा अगदी ताजी होती. नाथमाधवांचे वय त्या वेळी अवघे २३ वर्षांचे होते.

या अपघाताचे गांभीर्य आज सहजासहजी ध्यानात येणार नाही. कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसाला त्या काळी वैद्यकशास्त्र फारसे काही देऊ शकत नव्हते. अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी असे रुग्ण थोड्याच काळात दगावत. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या बहुसंख्य सैनिकांची हीच गत झाली. अशा रुग्णांना पुन्हा हिंडतेफिरते, कामाचे आयुष्य देता येते, हे इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी दाखवून दिले ते १९४४ नंतर. जंतुसंसर्गावर रामबाण ठरलेल्या पेनिसिलिनचा शोध लागला तो सप्टेंबर १९२८ मध्ये. म्हणजे नाथमाधवांच्या निधनानंतर तीन महिन्यांनी. या साऱ्या आधाराविना नाथमाधव अपघातानंतर तब्बल २३ वर्षे जगले. त्यांच्या ४६ वर्षांच्या आयुष्याचे दोन समान भाग पडतात : अर्धे आयुष्य पायांवर, अर्धे अंथरुणावर. महाराष्ट्राला ते ठाऊक झाले ते या दुसऱ्या अर्ध्यामुळे.

या दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात वाचनाने झाली. पडल्या पडल्या ते वाचू लागले आणि वाचता वाचता लिहू लागले. त्या काळच्या मराठी वाचकापुढे कोणते कथावाङ्मय होते, हे पाहिले म्हणजे नाथमाधवांची जडणघडण उमगते. मराठी कादंबरीचा जन्मच मुळी अद्भुताच्या कुशीत झाला होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. राजपुत्र, राजकन्या, कपटी कारभारी, ताटातूट आणि पुनर्मीलन यांनी त्या भरलेल्या होत्या. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड'ने १८७१ मध्ये ऐतिहासिक कादंबरीची वाट उघडली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकाने क्रमशः कादंबरी घरोघर नेली. आठवडाभर पुढच्या प्रकरणाची वाट पाहणारा वाचक तयार केला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे 'मासिक मनोरंजन' १८९५ पासून निघत होते. या जोडीला होता जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा इंग्रज कादंबरीकार. त्याच्या मायदेशी वाङ्मयाच्या इतिहासाने त्याला जवळजवळ विसरून टाकले. पण मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्याची भाषांतरे आणि रूपांतरे वाचकांनी अक्षरशः फस्त केली. भुयारे, वेषांतरे, हरवलेले वारस, मृत्युपत्रांतले घोटाळे, मध्यरात्रीचे खून यांचा साठा मराठी लेखकांना या रेनॉल्ड्सने पुरवला.

परंतु अद्भुताची ही ओढ केवळ इंग्रजीतून आली, असे मानणे चुकीचे ठरेल. मावळातल्या गावांत भातलावणी उरकली, श्रावण लागला, की देवळात पोथी लागे. महिनाभर रोज एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी दिव्याच्या उजेडात कान देऊन ऐकायचे, हा परिपाठ पिढ्यान्पिढ्या चालत आला. श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'त शाप आहेत, राक्षस आहेत, मेलेले जिवंत होतात. 'नवनाथ भक्तिसारा'त तर भुतावळीपासून परकायाप्रवेशापर्यंत काय नाही? श्रोत्यांची भावना भक्तीची असे. पण ऐकता ऐकता अंगावर काटा येणे, पुढे काय झाले या उत्सुकतेने दुसऱ्या दिवशी पुन्हा देवळाची पायरी चढणे, हा अनुभव निखळ गोष्टीचा असे. एक महिना नेमाने अद्भुतात बुडून जाण्याची सवय मराठी मनाला छापखान्याच्या आधीपासून होती. नाथमाधवांनी या सवयीला नवे खाद्य पुरवले.

त्यांची पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे अपघातानंतर अवघ्या तीन वर्षांत. पाठोपाठ 'सावळ्या तांडेल' आली. 'तांडेल' म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. कारकुनी आणि पंडिती पेशाच्या नायकांची सवय झालेल्या मराठी कादंबरीत अशा दर्यावर्दी माणसाचे नाव मुखपृष्ठावर झळकावे, यातच लेखकाच्या आवडीची दिशा दिसते. १९१३ मध्ये 'वीरधवल' आली आणि नाथमाधव हे नाव सर्वतोमुखी झाले. मराठी वाचकांच्या पुढच्या कित्येक पिढ्यांना अद्भुतरम्य कादंबरी म्हटल्यावर पहिले नाव आठवे ते 'वीरधवल'चेच. लहान वयात चोरून, रात्री जागून, क्रमिक पुस्तकाच्या आड लपवून जी पुस्तके वाचली जात, त्यांत तिचा मान पहिला असे.

अशा कादंबरीचे तंत्र वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात ते कष्टाचे असते. प्रकरण नेमके कोठे तोडायचे, वाचकाला किती सांगायचे आणि किती दडवायचे, एका पात्राला संकटाच्या तोंडावर सोडून दुसऱ्याच्या मागे केव्हा निघायचे, पाचव्या प्रकरणात सहज पडलेली खूण पन्नासाव्या प्रकरणात कशी उचलायची, या साऱ्याचा हिशेब लेखकाला सतत डोक्यात बाळगावा लागतो. हिंडत्याफिरत्या माणसालाही अवघड जाणारा हा हिशेब नाथमाधवांनी बिछान्यावर पडून मांडला. ज्याला स्वतःला कूस बदलायची तरी इतरांची मदत लागावी, त्याच्या कादंबऱ्यांतली पात्रे घोडे फेकतात, तट ओलांडतात, भुयारांतून निसटतात. वाचकांना हा विरोध जाणवला नाही, कारण गोष्टीत त्याचा मागमूसही नव्हता. नाथमाधवांच्या कादंबऱ्या करुणेची याचना करीत नाहीत. आपल्या व्यंगाचे त्यांनी भांडवल केले नाही. त्याऐवजी वाचकाला सोबत घेऊन ते धावत सुटले.

केवळ अद्भुतावर मात्र ते थांबले नाहीत. 'रायक्लब अथवा सोनेरी टोळी' आणि तीन भागांतली 'डॉक्टर' या कादंबऱ्यांतून त्यांनी आपल्या काळच्या समाजाकडे नजर वळवली. स्त्रीशिक्षण, पुनर्विवाह, प्रौढविवाह अशा सुधारणांच्या बाजूने त्यांनी लेखणी चालवली. हे प्रश्न तेव्हा कडाक्याच्या वादाचे होते. निबंध आणि व्याख्याने यांतून ते सुशिक्षितांच्या मर्यादित वर्तुळात चर्चिले जात. नाथमाधवांनी ते रहस्याच्या आणि कथेच्या धाग्यात ओवले. सुधारकांचे निबंध ज्यांच्या हाती कधी पडले नसते, अशा घरांतल्या स्त्रिया आणि मुले त्यांच्या कादंबऱ्या वाचीत. पुढे काय झाले, या उत्सुकतेच्या पाठीवर बसून सुधारणेचा विचार माजघरापर्यंत पोहोचला. रंजक वाङ्मयाची ही ताकद समीक्षकांनी पुरेशी मोजली नाही.

१९२१ च्या सुमारास त्यांनी आपले सर्वांत मोठे काम हाती घेतले. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट', 'स्वराज्याची घटना', 'स्वराज्याचे परिवर्तन' आणि 'स्वराज्यातील दुफळी' अशी ही स्वराज्यमाला. श्रीगणेशापासून दुफळीपर्यंतची ही नावे ओळीने वाचली, तरी एका राज्याच्या उदयाची आणि पुढे आपसांतल्या फुटीची संपूर्ण रेषा डोळ्यांपुढे उभी राहते. ही नावे निवडण्याचा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले होते. असहकाराची चळवळ देशभर पसरली होती. 'स्वराज्य' हा शब्द तेव्हा इतिहासाच्या पुस्तकातला राहिला नव्हता. तो सभांतून गर्जत होता. अशा वेळी शिवकालावरच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर तो ठळकपणे छापणे, हे वाचकाला पुरेसे बोलके होते. गोष्ट सतराव्या शतकाची असली, तरी वाचणाऱ्याचे मन विसाव्या शतकात होते.

या मालेने नाथमाधवांना पुन्हा त्याच डोंगरांत नेले. शिवकालाच्या आरंभाची कथा सांगायची, म्हणजे भोर आणि वेल्हे यांवाचून गत्यंतर नाही. रायरेश्वराच्या देवळात १६४५ मध्ये शिवाजी महाराजांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, असे परंपरा सांगते. १६४६-४७ च्या सुमारास तोरणा हाती आला. १,४०० मीटरहून उंच असलेल्या या गडाला त्याच्या विस्तारामुळे प्रचंडगड असेही म्हणतात. गडावर सापडलेले धन समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्च झाले आणि तेथे राजगड उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. पुढे सुमारे पाव शतक राजगड ही स्वराज्याची राजधानी होती. कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळचे बांदल देशमुख, शिंद गावचे बाजीप्रभू देशपांडे, भुतोंड्याचे येसाजी कंक ही सारी माणसे याच खोऱ्यांतली. गुप्त धन, एका रात्रीत घेतलेला गड, खिंडीत रोखून धरलेला शत्रू, जिवावर उदार झालेले मित्र : साहसकथेला जे जे लागते, ते ते सारे येथे इतिहासानेच मांडून ठेवले होते. लेखकाला भुयारे आणि राजवाडे परदेशी कादंबऱ्यांतून उसने आणण्याची गरज उरली नव्हती.

ज्या कड्याने पाय नेले, त्या डोंगरांविषयी एखाद्याच्या मनात कायमची भीती किंवा कटुता बसली असती. नाथमाधवांनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे त्याच डोंगरांच्या कथा सांगण्यात घालवली. सिंहगडाहून दिसणारे राजगड आणि तोरणा त्यांना पुन्हा चढता येणे शक्य नव्हते; पण त्यांच्या पुस्तकांचे बोट धरून महाराष्ट्रातली असंख्य मुले मनाने ते गड चढली. पुढच्या काळात पाठीवर पिशवी टाकून प्रत्यक्ष गड चढणाऱ्यांच्या ज्या पिढ्या तयार झाल्या, त्यांच्या बालपणात कोठेतरी ही स्वराज्यमाला होतीच.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाथमाधव हे इतिहाससंशोधक नव्हते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली होती आणि अस्सल कागदपत्रांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास नव्याने तपासला जात होता. कादंबरीकाराला तेवढा धीर नसतो. कागदांत जेथे मोकळी जागा असते, तेथे तो प्रसंग बसवतो. आख्यायिका आणि नोंद यांतली सीमारेषा पुसट करतो. नाथमाधवांनी तेच केले. त्यांची पात्रे बहुधा पूर्णपणे भली किंवा पूर्णपणे बुरी असतात, योगायोग फार घडतात आणि संवाद लांबतात. शिवाय त्यांनी रंगवलेला मावळा सतराव्या शतकातला होता. त्याचे विसाव्या शतकातले वंशज त्याच वर्षांत निराळ्याच संकटात सापडले होते. शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणात जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. भोरजवळ भाटघरचे नवे मोठे धरण नाथमाधवांच्या अखेरच्या वर्षांत पुरे होत आले होते. पुस्तकांतला मावळा जिंकत होता, तेव्हा खोऱ्यांतला मावळा विस्थापित होत होता. रम्यतेच्या मार्गाने जाणाऱ्या साहित्याकडून ही बाजू सुटून जाते, हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही.

तरीही रंजक साहित्यावर नेहमी घेतला जाणारा पळपुटेपणाचा आरोप नाथमाधवांच्या बाबतीत तपासून पाहण्यासारखा आहे. अशा कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात, वास्तवापासून तोंड फिरवतात, असे त्या काळी सर्रास म्हटले जाई. आजही निराळ्या शब्दांत म्हटले जाते. नाथमाधवांना मात्र वास्तवापासून पळणे शक्यच नव्हते. ते रोज सकाळी त्यांच्याबरोबर जागे होत होते. अद्भुताने त्यांना जे दिले, ते म्हणजे उद्याची उत्सुकता. पुढचे प्रकरण लिहायचे आहे, एवढे कारण माणसाला दुसऱ्या दिवशी डोळे उघडायला पुरते. वाचकाच्या बाबतीतही तेच घडते. आजारपणात, बेकारीत, एखाद्या दुःखाच्या महिन्यात माणूस रहस्यकथेकडे वळतो, तो जगणे टाळण्यासाठी नव्हे. जगण्याची गोडी पुन्हा लागावी म्हणून. अंथरुणावरच्या एका माणसाने दुसऱ्या, तशाच अडकलेल्या माणसाला पाठवलेली ही शिदोरी असते.

२१ जून १९२८ रोजी नाथमाधवांचे निधन झाले. त्यांनी मळवलेल्या वाटेवरून पुढे पुष्कळजण चालले. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) हे त्यांचे समकालीन; 'कालिकामूर्ती'सारख्या कादंबऱ्यांनी त्यांनी अद्भुताचे आणि साहसाचे दालन समृद्ध केले. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार व काळा पहाड हे नायक घराघरांत नेले. त्यांचेही हे टोपणनावच होते. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. पुण्याच्या नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी भयकथेला स्वतःचा चेहरा दिला आणि समर्थांसारखा भयाला सामोरा जाणारा नायक उभा केला. २०१८ मध्ये गाजलेल्या 'तुंबाड' या चित्रपटामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा होती. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. भीती, गूढ आणि साहस यांची ही मराठी परंपरा शतकाहून अधिक काळ अखंड चालत आली आहे.

भोर-वेल्ह्यात पावसाळ्याचा एक महिना हाताशी असलेल्या वाचकाला ही परंपरा ओळीने अनुभवता येते. पहिल्या आठवड्यात 'वीरधवल' घ्यावी. तिची भाषा आज जुनी वाटेल, वाक्ये लांब वाटतील, पण दोन-तीन प्रकरणांनंतर वेग पकडता येतो. दुसऱ्या आठवड्यात दातारशास्त्री, तिसऱ्यात अर्नाळकरांच्या एका बैठकीत संपणाऱ्या छोट्या पुस्तिका आणि चौथ्यात, बाहेर धुके दाटलेले असताना आणि वीज गेलेली असताना, धारप. दरबारी कारस्थानांपासून मुंबईच्या गुन्हेगारी गल्ल्यांपर्यंत आणि तेथून ओसाड वाड्यांतल्या अमंगळ शक्तींपर्यंत मराठी माणसाची भीती कशी बदलत गेली, हे या एका महिन्यात उलगडते. उरलेल्या दोन दिवसांत 'स्वराज्याचा श्रीगणेशा' सुरू करावी. पाऊस ओसरून तोरणा मोकळा दिसू लागला, की तो आधी कोठेतरी पाहिल्यासारखा वाटेल.

२०२८ मध्ये नाथमाधवांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने समारंभ होतील किंवा होणारही नाहीत. त्यांच्या पुस्तकांच्या जुन्या, कडा दुमडलेल्या प्रती वाचनालयांनी रद्दीत न काढता नीट बांधून घेतल्या आणि एखाद्या मुलाच्या हाती पडतील अशा खालच्या फळीवर ठेवल्या, तरी या लेखकाचे स्मरण योग्य रीतीने होईल. आयुष्यातली २३ वर्षे ज्याला पाऊल टाकता आले नाही, त्याने तीन-चार पिढ्यांना धावायला शिकवले. मराठी वाचकाने एवढे ऋण तरी विसरता कामा नये.